वाचकांचे प्रश्न : रेमिशननंतरचा एनजीएसचा कागद

मागील अंकात तीव्र रक्तकर्करोगावरील लेख प्रसिद्ध झाल्यावर औषधांविषयी आणि खर्चाविषयी पत्रे येतील, अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक पत्रांचा रोख एनजीएस या एकाच तपासणीकडे निघाला. उपचारानंतर रुग्ण बरा दिसत असताना पुन्हा जनुकांची तपासणी कशासाठी करतात, आणि तिच्या अहवालावरून आजार उलटेल की नाही हे खरोखरच कळते का, असे बहुतेकांनी विचारले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला, वय ४६, अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया झाला. सात दिवसांची किमो झाली, महिन्याने बोन मॅरो काढली आणि डॉक्टरांनी रेमिशन आल्याचे सांगितले. आम्ही घरात पेढे वाटले. दुसऱ्याच आठवड्यात त्याच डॉक्टरांनी एनजीएस नावाची तपासणी सांगितली आणि अहवाल पाहून ट्रान्सप्लांटचे ठरवू, असे म्हणाले. सूक्ष्मदर्शकाखाली आजार दिसत नाही, तर मग हे यंत्र शोधते तरी काय?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : पेढे वाटलेत यात काहीच चुकले नाही. रेमिशन ही पहिली पायरी आहे आणि ती चढल्याशिवाय पुढच्या उपचारांची वाट मोकळी होत नाही. अडचण आहे ती या शब्दाच्या व्याख्येत. अस्थिमज्जेचा, म्हणजे बोन मॅरोचा, थेंब काचपट्टीवर पसरून आणि रंगवून तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली साधारण पाचशे पेशी मोजतो. त्यांत ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, शेकडा पाचपेक्षा कमी भरल्या आणि रक्तातील निरोगी पेशींची संख्या पूर्वपदावर आली, की रेमिशन आले असे लिहिले जाते. निरोगी अस्थिमज्जेतही थोड्याफार अपक्व पेशी असतातच. त्यामुळे काचपट्टीवर उरलेल्या मोजक्या ब्लास्ट नव्याने घडणाऱ्या चांगल्या पेशी आहेत की दबा धरून बसलेला आजार आहे, हे केवळ रूपावरून सांगता येत नाही. आता थोडे गणित पाहा. निदानाच्या वेळी प्रौढ रुग्णाच्या शरीरात रोगपेशी ढोबळमानाने एक लाख कोटींच्या घरात असतात, असे मानले जाते. किमोने त्यांतील शंभरापैकी नव्व्याण्णव मारल्या तरी एक हजार कोटी उरतात, आणि काचपट्टीवर मात्र सगळे आलबेल दिसते. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. नांगरलेले रान कितीही स्वच्छ दिसले तरी हरळीच्या काशा वेचलेल्या नसतील तर पहिल्या पावसात काय होते, ते त्याला ठाऊक असते.

पूर्वी शाळेच्या दाखल्यावर ‘ओळखीची खूण’ असा रकाना असे आणि त्यात ‘डाव्या गालावर तीळ’ असे काहीतरी लिहीत. एनजीएस, म्हणजे नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग किंवा जनुकीय क्रमवाचनाची नवी पद्धत, रोगपेशीची अशीच ओळखीची खूण शोधते. माणसाच्या जनुकीय मजकुरात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. रोगपेशीत त्यांपैकी काही ठरावीक ठिकाणी चुका झालेल्या असतात आणि त्या चुका त्या पेशीच्या सगळ्या वंशजांमध्ये जशाच्या तशा उतरतात. उदाहरणार्थ, प्रौढांच्या या आजारात सुमारे ३० टक्के रुग्णांमध्ये एनपीएम१ या जनुकात चूक सापडते, आणि बहुतेक वेळा ती टी-सी-टी-जी ही चार अक्षरे दोनदा लिहिली गेल्याची असते. चार अक्षरांची ही द्विरुक्ती निरोगी पेशीत नसते. त्यामुळे किमोनंतरच्या नमुन्यात ती सापडली, तर ती कोठून आली याविषयी फारशी शंका उरत नाही.

या तपासणीमागचे बरेचसे काम अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात झाले आहे. तेथील टिमोथी ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पन्नाशीतील एका स्त्रीच्या ल्युकेमियाच्या पेशींचा संपूर्ण जनुकीय मजकूर वाचून तो तिच्याच त्वचेतील निरोगी पेशींच्या मजकुराशी ताडून पाहिला. कोणत्याही कर्करोगाचा असा संपूर्ण मजकूर वाचला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे २०१२ मध्ये त्याच संस्थेने आठ रुग्णांचे निदानाच्या वेळचे आणि आजार उलटल्यानंतरचे नमुने शेजारी ठेवून वाचले. कधी मूळ पेशीकुळच आणखी चुका अंगावर घेऊन परतले होते, तर कधी पहिल्या वेळी कोपऱ्यात असलेली एखादी उपशाखा किमोतून वाचून फोफावली होती. आठांपैकी एकाही रुग्णात परतलेला आजार पूर्णपणे नवा नव्हता. त्याची मुळे पहिल्या नमुन्यातच होती.

मग सगळा मजकूर निदानाच्या दिवशीच वाचला तर भविष्य कळेल, असे कोणालाही वाटेल. त्या संशोधकांनाही तसे वाटले असावे, कारण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी आधी ७१ रुग्णांच्या निदानाच्या वेळच्या नमुन्यांचा विस्तृत जनुकीय तपशील तपासला. त्यातून प्रचलित चाचण्यांपेक्षा अधिक काही हाती लागले नाही. मला स्वतःला या अभ्यासाचा हा भाग सर्वांत शिकवणारा वाटतो, आणि वर्तमानपत्री बातम्यांत तो बहुधा गळून जातो. यानंतर त्यांनी ५० रुग्णांचे निदानाच्या वेळचे आणि किमोनंतर सुमारे तिसाव्या दिवशीचे, रेमिशनमधील नमुने ताडून पाहिले, तेव्हा चित्र पालटले. ५० पैकी २४ रुग्णांच्या अस्थिमज्जेत शंभरातील निदान पाच पेशींमध्ये जुन्या चुका शिल्लक होत्या. या गटात निम्मे रुग्ण साडेदहा महिन्यांच्या आत दगावले. चुका पुसल्या गेलेल्या २६ जणांच्या गटात हाच मध्यबिंदू ४२ महिन्यांच्या पुढे होता. पहिल्या दिवशी शत्रूची संपूर्ण यादी वाचूनही जे कळले नाही, ते त्या यादीतील कोण मागे उरले हे पाहिल्यावर कळले.

पन्नास ही संख्या लहान आहे आणि अभ्यास साठवलेल्या नमुन्यांवर झालेला होता, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर कोणी उपचार बदलू नयेत. परंतु नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील इरॅस्मस केंद्राच्या पुढाकाराने २०१८ मध्ये ४८२ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याचा रोखही तोच निघाला. नवी मुंबईत खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियल केंद्राच्या संस्थेत २०१ प्रौढ रुग्णांवर झालेले आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले कामही याच दिशेने बोट दाखवते. म्हणजे आपल्याकडच्या रुग्णांसाठी ही केवळ परदेशातून ऐकलेली गोष्ट राहिलेली नाही.

आता आपल्या भावाविषयी. आजार उलटू नये यासाठी ट्रान्सप्लांट, म्हणजे दात्याच्या अस्थिमज्जेचे रोपण, हा सर्वांत प्रबळ उपाय असला तरी तो स्वतःच जिवावर बेतू शकतो, आणि हा सौदा करावा की करू नये हा खरा प्रश्न असतो. ज्यांची जोखीम मुळातच कमी आहे त्यांना तो धोका पत्करायला लावू नये आणि ज्यांची जास्त आहे त्यांनी वेळ दवडू नये, एवढे सर्वांना मान्य आहे. घोळ होतो तो मधल्या गटात, आणि एनजीएसचा अहवाल सर्वांत उपयोगी पडतो तोही तेथेच. ट्रान्सप्लांट ठरल्यानंतरही त्याला काम उरते. अमेरिकेतील एका चाचणीत ट्रान्सप्लांटपूर्वीची किमो जोरदार द्यावी की सौम्य, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवले होते. त्या रुग्णांचे साठवलेले रक्त नंतर वाचले गेले आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तात चुका उरल्या होत्या त्यांपैकी सौम्य किमो मिळालेल्यांत तीन वर्षांत ६७ टक्क्यांचा आजार उलटला, तर जोरदार किमो मिळालेल्यांत १९ टक्क्यांचा. जोरदार किमो सोसण्याची ताकद प्रत्येक शरीरात नसते, हे आहेच. तेव्हा डॉक्टरांना एवढे अवश्य विचारा की अहवाल एका बाजूने आला तर आपण काय करणार आणि दुसऱ्या बाजूने आला तर काय. दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर हा खर्च आता करावा का, हेही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या, वय ६३, रेमिशनमधील अहवालात ‘डीएनएमटी३ए, व्हीएएफ १८ टक्के’ असे छापून आले आहे. निदानाच्या वेळी हाच आकडा ४४ होता. दुसरी चूक नाहीशी झाली, पण ही उरली. इंटरनेटवर वाचले तर उरलेली चूक म्हणजे आजार परतणार असे दिसते. डॉक्टर मात्र ‘याची चिंता नको’ म्हणाले. ते आमची समजूत काढत आहेत काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, ते आपली समजूत काढत नसून अहवाल नीट वाचत आहेत.

आधी व्हीएएफ हा आकडा कसा वाचायचा ते पाहू. यंत्राने एखादे ठिकाण शंभरदा वाचले आणि त्यांतील अठरा वेळा चुकीचे अक्षर सापडले, तर व्हीएएफ १८ टक्के. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची, आणि चूक सहसा एकाच प्रतीत असते. त्यामुळे १८ टक्के व्हीएएफचा अर्थ सुमारे ३६ टक्के पेशींमध्ये ती चूक आहे, असा होतो. निदानाच्या वेळचे ४४ म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के पेशी. हा दुपटीचा नियम सगळ्या जनुकांना लागू पडत नाही, कारण टीपी५३सारख्या जनुकात कधी कधी दोन्ही प्रती बिघडतात. पण आपल्या वडिलांच्या अहवालासाठी तो पुरेसा आहे.

रेमिशनमध्ये ३६ टक्के पेशींत चूक, तरीही चिंता का नको? कारण डीएनएमटी३एमधील चूक ही बहुधा ल्युकेमियाच्या कितीतरी वर्षे आधी एखाद्या मूळपेशीत झालेली असते. तिच्यामुळे त्या मूळपेशीची संतती इतरांपेक्षा थोडी जास्त वाढते, पण ती संतती चांगले, कामाचे रक्तच बनवते. वय वाढते तशी ही गोष्ट निरोगी माणसांतही दिसू लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांनुसार सत्तरी ओलांडलेल्या सुमारे दहा टक्के लोकांच्या रक्तात अशा खुणा सापडतात, आणि त्यांपैकी बहुतेकांना ल्युकेमिया कधीच होत नाही. ल्युकेमिया होण्यासाठी या पहिल्या चुकीवर आणखी एक-दोन चुकांचे थर चढावे लागतात. किमोने वरचे थर मारले, की खाली मूळचे जुने पेशीकुळ शिल्लक राहते आणि अहवालात तेच उमटते.

रॉटरडॅमच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर केला, त्याने हाच गुंता सोडवला. त्यातील निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांमध्ये रेमिशननंतरही काही ना काही चूक उरली होती. डीएनएमटी३ए, टीईटी२ आणि एएसएक्सएल१ या तीन जनुकांतील उरलेल्या चुका बाजूला काढल्या, तेव्हा त्यांचा आजार उलटण्याशी संबंध आढळला नाही. बाकीच्या जनुकांतील चुका उरल्या असतील तर मात्र चार वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण ५५ टक्के भरले, आणि तशा चुका उरल्या नसतील तर ३२ टक्के. आपल्या वडिलांच्या अहवालातील दुसरी चूक नाहीशी झाली आहे, ही आपण पत्रात ओझरती लिहिलेली गोष्टच त्या कागदावरची मोठी बातमी आहे.

या आकड्यांकडे आणखी एका बाजूने पाहा. ज्यांच्या चुका उरल्या त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा आजार चार वर्षांत उलटला नाही, आणि ज्यांच्या चुका पुसल्या गेल्या त्यांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचा उलटला. म्हणजे हा अहवाल रुग्णाला एका गटातून दुसऱ्या गटात बसवतो. त्या गटातील कोण कोणत्या बाजूला जाईल, हे त्याला सांगता येत नाही. ज्योतिषाच्या पत्रिकेसारखा तो उशाशी ठेवून रोज वाचला, तर माणसाची झोप उडते आणि उपचारात काही फरक पडत नाही.

प्रश्न : आमच्या अहवालात कॅरिओटाइप, फिश आणि एनजीएस अशा तीन वेगळ्या तपासण्या आहेत. एनजीएस सर्वांत नवी आहे, तर मग आधीच्या दोन कशाला?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कारण चुका वेगवेगळ्या आकाराच्या असतात. पोथीत एखादे अक्षर चुकणे निराळे आणि एका अध्यायाची पाने दुसऱ्या अध्यायात बांधली जाणे निराळे. कॅरिओटाइपमध्ये अख्खी गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, म्हणजे पानांची बांधणी तपासतात. फिशमध्ये ठरावीक ठिकाणी चमकणारी खूण चिकटवून एखादे विशिष्ट पान जागेवर आहे का, ते पाहतात. एनजीएस अक्षरे वाचते. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये ल्युकेमियात आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली दाखवली. आज पन्नास वर्षांनंतरही ती अदलाबदल सापडली, तर रुग्णाला अनुकूल गटात घालतात. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२२ च्या शिफारशींत अनुकूल, मध्यम आणि प्रतिकूल असे जे तीन गट आहेत, ते गुणसूत्रे आणि जनुके दोन्ही पाहूनच ठरतात. एनपीएम१मध्ये चूक असून एफएलटी३ जनुकातील तुकड्याची द्विरुक्ती नसेल तर सहसा अनुकूल, ती द्विरुक्ती असेल तर मध्यम, आणि टीपी५३ बिघडले असेल तर प्रतिकूल, असे ते ढोबळ वर्गीकरण आहे. नवी तपासणी आली म्हणून जुन्या टाकून देण्याची ही जागा नव्हे.

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलीला अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया आहे. पहिल्या टप्प्यानंतर एमआरडी निगेटिव्ह आली, पण ती फ्लो सायटोमेट्रीने केलेली आहे. एका नातेवाइकांनी अमेरिकेतून कळवले की तेथे सिक्वेन्सिंगने एमआरडी पाहतात आणि ती शंभरपट बारीक असते. आम्ही आग्रह धरावा काय?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आपल्या नातेवाइकांनी कळवलेले खोटे नाही, पण त्याने आपल्या मुलीच्या उपचारात बदल होण्याची शक्यता फार कमी आहे.

मुलांमधील हा आजार मोठ्यांच्या मायलॉइड ल्युकेमियापेक्षा खूपच वेगळा आहे. चांगल्या केंद्रांत दहापैकी आठ किंवा त्याहून अधिक मुले बरी होतात. कोणाला उपचार वाढवायचे आणि कोणाला कमी ठेवायचे, हे ठरवण्यासाठी उर्वरित रोगपेशींचा शोध, म्हणजेच एमआरडी, या आजारात कितीतरी आधीपासून वापरात आहे. फ्लो सायटोमेट्रीत पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा रंगवून त्या एकेक करून लेसरपुढून सोडतात आणि दहा हजारांत एक रोगपेशी असली तरी ती पकडता येते. जगभरच्या उपचारपद्धतींत निर्णयाची रेषा याच ठिकाणी, म्हणजे ०.०१ टक्क्यांवर, आखलेली आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलसह देशातील काही मोठ्या केंद्रांनी मिळून आखलेल्या ‘आयसीकल’ या पद्धतीतही मुलांची विभागणी करताना हीच रेषा धरली आहे. म्हणून अनुभवी प्रयोगशाळेने केलेली फ्लो एमआरडी निगेटिव्ह असेल, तर ती चांगली बातमी चांगली म्हणूनच घ्यावी.

या आजारात सिक्वेन्सिंग वेगळ्याच खुणेवर चालते. आपल्या लिम्फोसाइट पेशी जंतू ओळखण्यासाठी स्वतःच्या काही जनुकांचे तुकडे जुळवून प्रत्येकी आपली निराळी जोडणी बनवतात, आणि एका पेशीपासून निघालेल्या ल्युकेमियात तीच जोडणी सर्वत्र असते. ती एकदा निदानाच्या नमुन्यात वाचून ठेवली, की पुढे दहा लाखांत एक एवढ्या बारकाईने शोधता येते. या पद्धतीच्या एका चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यताही दिली आहे. पण दहा लाखांत एक शोधायची, तर नळीत निदान दहा लाखांहून अधिक पेशी असाव्या लागतात. नमुना लहान असेल, तर यंत्र कितीही बारीक असो, त्याला तेवढे सांगताच येणार नाही, आणि जाहिरातीत ही अट सहसा लिहिलेली नसते. आजार एकदा उलटला असेल किंवा ट्रान्सप्लांटचा विचार चालू असेल, तर या तपासणीविषयी अवश्य विचारा. त्याऐवजी आज डॉक्टरांना हे विचारा की मुलीच्या पहिल्या नमुन्यात आयकेझेडएफ१ या जनुकाचा तुकडा गळालेला आहे का, ते पाहिले आहे काय. २००९ मध्ये दाखवले गेल्याप्रमाणे त्याचा आजार उलटण्याशी संबंध आहे. एक सूचना : ही चूक अक्षराची नसून अख्खा तुकडा गायब होण्याची असते, आणि ठरावीक जनुकेच वाचणाऱ्या साध्या एनजीएस पॅनेलच्या नजरेतून ती निसटू शकते.

प्रश्न : मोठ्या भावाला ल्युकेमिया झाला. मी त्याची बहीण, आणि माझी मॅरो जुळते असे कळले. हा आजार जनुकांचा आहे म्हणता, तर तो माझ्यातही असेल का? मी दान करणे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : जनुकांचा आजार आणि आनुवंशिक आजार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ल्युकेमियातील बहुतेक चुका आयुष्यात पुढे कधीतरी एका रक्तपेशीत झालेल्या असतात. त्या आईवडिलांकडून येत नाहीत आणि भावंडांतही नसतात. थोड्या घराण्यांत मात्र डीडीएक्स४१, जीएटीए२ किंवा आरयूएनएक्स१ अशा जनुकातील दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. अहवालात त्याचा सुगावा लागतो तो असा : व्हीएएफ पन्नास टक्क्यांच्या आसपास असतो आणि किमोनंतर बाकीचे आकडे कोसळले तरी हा हलत नाही. तसा संशय असेल तर भावाच्या त्वचेतील पेशी वाढवून खात्री करतात. लाळ यासाठी चालत नाही, कारण तिच्यात रक्तपेशी मिसळलेल्या असतात. दोष आनुवंशिक निघाला तर दान करण्याआधी आपलीही तपासणी व्हायला हवी, कारण तोच दोष आपल्या मॅरोबरोबर भावाच्या शरीरात परत जाण्याचा धोका असतो. तसा सुगावा नसेल, तर सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारांत एक असते आणि ती आपल्या वाट्याला आली आहे.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या आजारात एनपीएम१ सापडले होते. आता किमो संपून चार महिने झाले आहेत. दर वेळी कमरेतून मॅरो काढण्याऐवजी रक्तावर भागेल का? शिवाय आम्ही मध्येच रुग्णालय बदलले. पहिल्या रुग्णालयाने निदानाच्या वेळचा नमुना आता शिल्लक नाही म्हणून कळवले. त्याने काही बिघडते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : एनपीएम१ असणे हे या बाबतीत नशीबच म्हणायचे, कारण ही खूण आजार उलटताना सहसा हरवत नाही आणि रक्तातही शोधता येते. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत दुसऱ्या किमोनंतर रक्तात ही खूण उरलेल्या रुग्णांपैकी ८२ टक्क्यांचा आजार तीन वर्षांत उलटला, आणि न उरलेल्यांपैकी ३० टक्क्यांचा. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एफएलटी३चे तसे नाही. ती चूक बहुधा उपशाखेत असते, म्हणून ती दिसेनाशी झाली तरी मूळ कुळ जागेवर असू शकते. युरोपीय तज्ज्ञांची शिफारस अशी आहे की उपचार संपल्यावर दोन वर्षे दर तीन महिन्यांनी अस्थिमज्जा किंवा दर चार ते सहा आठवड्यांनी रक्त तपासावे. रक्ताची नळी अधिक वेळा द्यावी लागते, पण कमरेतील सुई टळते. यांतील कोणता पर्याय घ्यायचा, ते आपण डॉक्टरांशी बोलून ठरवा. मात्र एकदा सुरू केलेली तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत चालू ठेवा, कारण दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडता येतीलच असे नाही.

पहिला नमुना शिल्लक नसणे ही अडचण खरी आहे, पण आपल्या बाबतीत ती फार मोठी नाही, कारण कोणती खूण शोधायची ते जुन्या अहवालात लिहिलेले आहे. तो अहवाल मूळ स्वरूपात, सगळ्या पानांसह मिळवा. सारांशाच्या एका ओळीने काम भागत नाही, कारण चुकीचा नेमका प्रकार तपशिलाच्या पानावर असतो. पहिला अहवालच नसेल, तर यंत्राला दिसलेली चूक रोगाची आहे की यंत्राच्या वाचनाची, हे ठरवणे कठीण जाते. यंत्रही चुकते, हजार अक्षरांत एखादे तरी. त्यावर उपाय म्हणून मजकुराच्या प्रती काढण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याला वेगळी चिठ्ठी लावतात. एका चिठ्ठीच्या सगळ्या प्रतींत चूक असेल तर ती मुळातील, आणि एखाद्याच प्रतीत असेल तर नकलनविसाची. जुन्या पोथ्यांचे पाठभेद ताडणाऱ्या संपादकांना ही रीत परकी वाटणार नाही.

आणि मॅरो काढण्याची वेळ आलीच, तर एक बारीक गोष्ट डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. सुई कमरेच्या हाडात गेल्यावर पिचकारीने जो पहिला ओढा घेतात, त्यात अस्थिमज्जा सर्वांत दाट असते. नंतरच्या ओढ्यांत रक्त मिसळत जाते आणि रोगपेशी विरळ होतात. काही ठिकाणी सवयीने पहिला ओढा काचपट्ट्यांसाठी वापरतात आणि उरलेले नळीत भरून एमआरडीसाठी पाठवतात. एमआरडीची नळी पहिल्या ओढ्यातूनच भरावी, एवढी विनंती सुई टोचण्याआधी करा.